एका भगताची पाच कामे



इतिहासावर बोलावयाचे म्हटले की श्रोत्यांस किल्ले, लढाया आणि तहनामे ह्यांची अपेक्षा असते. आज आम्ही जो इतिहास सांगणार आहोत त्यात लढाई एकही नाही. तंटे मात्र पुष्कळ आहेत. मन बिघडलेल्या माणसाला ओळखायचे कोणी, औषध द्यायचे कोणी, त्याच्याशी बोलायचे कोणी, रात्री त्याच्या उशाशी बसायचे कोणी, आणि त्याचे घर व गाव ह्यांची समजूत घालायची कोणी, ह्या पाच कामांवरून माणसांमाणसांत, पेशांपेशांत आणि राजदरबारीही जे वाद झाले, त्यांचा हा इतिहास आहे. त्याची सुरुवात आम्ही सुरगाण्याच्या एस. टी. स्थानकापासून करणार आहोत.

काही वर्षांपूर्वीची गोष्ट. नाशिकच्या गाडीची वाट पाहत आम्ही त्या स्थानकावर बसलो होतो. शेजारी पन्नाशीचे एक कोकणा गृहस्थ आणि त्यांचा विशीतला मुलगा. मुलगा द्राक्षांच्या कामाला दिंडोरीकडे गेला होता, तो हंगाम अर्धा टाकून परत आला. झोप गेली, जेवण गेले. मुकादमाची माणसे भिंतीपलीकडून बोलतात असे म्हणून रात्री उठून बसू लागला. बापाच्या हातात प्लॅस्टिकची एक पिशवी होती. तीत एका मनोविकारतज्ज्ञाची चिठ्ठी, चार पानांचा इंग्रजी टंकलिखित अहवाल, चार महिन्यांच्या तारखा टाकलेले एका समुपदेशन केंद्राचे कार्ड, समाजसेवा अधीक्षकाचा शिक्का असलेला इस्पितळाचा केसपेपर आणि फडक्यात बांधलेली तांदळाच्या दाण्यांची गाठ, एवढा ऐवज होता. गोळ्या संपून आठ दिवस झाले होते. झोप येऊ लागली म्हणून त्या पुन्हा आणल्याच नव्हत्या. मधल्या काळात बापाने तो इंग्रजी अहवाल औषधाच्या दुकानात दाखविला. ह्यात औषधच लिहिलेले नाही म्हणून दुकानदाराने परत केला.

ती पिशवी आमच्यापुढे धरून त्यांनी विचारले, "गुरुजी, ह्यातला खरा डॉक्टर कोणता?"

गाडीला अवकाश होता. आम्ही काय सांगितले ते शेवटी येईल. तत्पूर्वी ही पाच दारे झाली कशी, ते पाहिले पाहिजे. कारण त्या गृहस्थांच्या आजोबांस एकच दार ठाऊक होते.

सुरगाणे हे देशमुखांचे एक छोटे संस्थान. क्षेत्र ३६० चौरस मैल, आणि १९०१च्या खानेसुमारीत वस्ती साडेअकरा हजारांच्या आसपास. १९४८ साली ते मुंबई राज्यात विलीन होऊन नाशिक जिल्ह्याचा भाग झाले. आजच्या तालुक्याची हद्द आणि संस्थानाची हद्द एकच धरू नये. परंतु २०११च्या जनगणनेत ह्या तालुक्याची वस्ती पावणेदोन लाखांच्या घरात होती आणि तीत शंभरांपैकी नव्वदांहून अधिक लोक कोकणा, महादेव कोळी, वारली अशा आदिवासी जमातींचे होते. नाशिकपासून अंतर सुमारे नव्वद किलोमीटर, आणि मध्ये घाट. ब्रिटिश मुलखातील कायदेही संस्थान म्हणून तेथे आपोआप लागू नव्हते. अशा मुलखात माणसाचे मन फिरले तर नातेवाईक जात ते भगताकडे.

भगत म्हणजे लबाड मांत्रिक, अशी शहरातील आपणां लोकांची समजूत असते. ती अर्धवट आहे. भगत प्रथम दाणे पाहतो, म्हणजे हे दुखणे कोठले, देवाचे, पूर्वजांचे, नजरेचे की शरीराचे, ह्याचा निवाडा करतो. मग झाडपाला, मुळी देतो. दाणे पाहता पाहता तो घरच्यांस विचारीत असतो: नवस राहिला आहे काय, भावाभावांत तंटा झाला काय, सून माहेरी का गेली. ही सारी विचारपूस उघड्यावर, दहा माणसांदेखत होते, आणि जे चार भिंतींत कोणी बोलले नसते ते तेथे बोलले जाते. वेळप्रसंगी तो रात्र रात्र रोग्यापाशी बसतो. शेवटी कोंबडे द्यायचे ठरते, भाऊबंद जेवायला बसतात, आणि रोगी पुन्हा गावाच्या पंगतीला येतो. निदान, औषध, संभाषण, शुश्रूषा आणि घराची घडी बसविणे ही पाचही कामे एकाच माणसाची. वाटणी आमच्या सोयीची आहे. भगताला विचारले तर तो हसेल.

मार्गशीर्षात डोंगऱ्या देवाच्या उत्सवात व्रत धरलेल्या माणसांच्या अंगात वारे येते. तो माणूस वेडा, असे गाव म्हणत नाही. उत्सव संपला की तो नांगर धरतो. मात्र तेच वारे अवेळी, एकट्याला, नको असताना येऊ लागले तर भगताला बोलावणे जाते. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणातही हाच भेद केलेला आहे: समाजाने मान्य केलेल्या धार्मिक प्रसंगीचे अंगात येणे हा रोग नव्हे. तेवढ्यापुरते जिनेव्हाचे पंडित आणि सुरगाण्याचा भगत एका मताचे आहेत, ही गोष्ट आम्हांस मौजेची वाटते.

परंतु एकाच माणसाच्या हाती पाच कामे असली की त्याची चूक पकडणारा दुसरा कोणी उरत नाही. फेफरे येणाऱ्या मुलाचे मोलाचे दिवस उताऱ्यात जातात. आणि दुखण्याचे कारण म्हणून भगताच्या तोंडून एखाद्या बाईचे नाव निघाले, ती भुताळी ठरली, म्हणजे मग मार, बहिष्कार, कधी प्राणावरही बेतते. रोग्याला बरे करण्यासाठी निरोगी माणसाचा बळी देण्याची सत्ता कोणत्याही वैद्याला असता कामा नये. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला, तो डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या अनेक वर्षांच्या खटपटीनंतर. आणि तो अमलात आलेला पाहावयास ते राहिले नव्हते. त्याच वर्षी २० ऑगस्टला पुण्यात त्यांचा खून झाला.

आमच्या शास्त्रकारांनी ही कामे निराळी ओळखली नव्हती असे मात्र नाही. आयुर्वेदाच्या आठ अंगांत भूतविद्या हे स्वतंत्र अंग आहे, आणि चरकाने उपचारांचे तीन प्रकार सांगितले आहेत: दैवव्यपाश्रय, युक्तिव्यपाश्रय आणि सत्त्वावजय. पहिल्यात मंत्र, होम, व्रते. दुसऱ्यात आहार आणि औषध. तिसऱ्यात मनाला अहितापासून आवरणे. मांत्रिक, वैद्य आणि आज ज्याला आपण मानसोपचार म्हणतो तो करणारा, ह्या तिघांच्या जागा येथे दिसतात. पण त्यांतून तीन पेशे झाले नाहीत.

आता ह्या पाच कामांतील पहिले काम, माणूस वेडा आहे किंवा नाही हे ठरविण्याचे, कोणाच्या हाती गेले हे पाहावयाचे तर सुरगाणे सोडून कोल्हापुरास जावे लागते. १८७१ साली तेथील गादीवर दत्तक आलेले चौथे शिवाजी महाराज विशीला पोचण्यापूर्वीच वेडे ठरले. कारभार दिवाण माधवराव बर्वे ह्यांच्या हाती. महाराजांना वेड लागलेले नाही, छळाने लावले जात आहे, असा गवगवा झाला, आणि केसरी व मराठा ह्या पत्रांनी बर्व्यांवर टीकेची झोड उठविली. बर्व्यांनी अब्रुनुकसानीची फिर्याद केली. टिळक-आगरकरांनी ज्या पत्रांवर भिस्त ठेवली ती बनावट निघाली, आणि १८८२ साली दोघांनाही चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकी १०१ दिवस त्यांनी डोंगरीच्या तुरुंगात काढले. आगरकरांनी त्यावर पुस्तक लिहिले, म्हणून ही हकीकत पुष्कळांस पाठ असते. महाराजांचे पुढे काय झाले हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही. त्यांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवण्यात आले. तेथे २५ डिसेंबर १८८३ रोजी, देखरेखीवरील एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत, वयाच्या विसाव्या वर्षी त्यांचा अंत झाला.

ह्या प्रकरणाकडे राजकारण म्हणून पाहण्याची आपली सवय आहे. आज ते रोग्याच्या बाजूने पाहू. महाराजांभोवती कोण होते? दिवाण होता, इंग्रज अधिकारी होते, शस्त्रक्रिया आणि ताप ह्यांत मुरलेले सरकारी डॉक्टर होते, बाहेर संपादक होते, आणि परिचारकाच्या जागी लष्करी शिपाई होता. मनाच्या दुखण्याचा अभ्यास हेच ज्याचे काम, असा एकही माणूस त्यांत नव्हता. महाराज खरोखर आजारी होते काय, ह्यावर आज पैज मारण्यात अर्थ नाही. ज्यांना ते आजारी असणे सोयीचे होते आणि ज्यांनी ते आजारी असल्याचे ठरविले, ती माणसे एकमेकांपासून निराळी नव्हती, हा त्यातील खरा दोष. आणि रोग्याचा हात कसा धरावा हे ज्याला कोणी शिकविले नाही अशा माणसाकडे शुश्रूषा सोपविली, त्याचा शेवट किल्ल्यात झाला. छत्रपतींची ही गत, तर सडकेवर सापडलेल्या बेवारशाची कथा काय सांगावी!

त्या बेवारशासाठी सरकारने १८५८ साली कायदा केला. पोलिसाने पकडावे, मॅजिस्ट्रेटने डॉक्टरचा दाखला घ्यावा आणि वेड्यांच्या इस्पितळात धाडावे. १९१२च्या कायद्याने दाखले वाढले, पण किल्ली मॅजिस्ट्रेटपाशीच राहिली. ह्याच काळात आपल्याकडे नागपूर (१८६४), रत्नागिरी (१८८६), ठाणे (१९०१) आणि येरवडा (१९१५) येथील मनोरुग्णालये उभी राहिली. नाशिकहून त्यांतले जवळचे ठाण्याचे. "ठाण्याला पाठवा ह्याला" हे वाक्य आपल्याकडे थट्टेत म्हणतात, त्यामागे भिंतीआड गेलेल्या किती माणसांच्या कथा आहेत ह्याची म्हणणाराला कल्पना नसते.

युरोपातही ह्याहून फार निराळे नव्हते. मनोविकारशास्त्राला 'सायकिअॅट्री' हे नाव १८०८ साली योहान राइल ह्या जर्मन वैद्याने दिले. पॅरिसच्या वेड्यांच्या साखळ्या काढल्याचे श्रेय पिनेल ह्या डॉक्टरला देण्याचा प्रघात आहे. पण बिसेत्र येथे त्या प्रत्यक्ष काढल्या त्या पुसँ नावाच्या कारभाऱ्याने. तो डॉक्टर नव्हता. त्याच इस्पितळात पूर्वी रोगी म्हणून आलेला होता. मानसरोग परिचारिकांचा पेशा आपला मूळपुरुष शोधील तर तो हा.

औषधाच्या कामाची गोष्ट आपल्या अधिक जवळची आहे. सर्पगंधेची मुळी आपल्याकडे वैदूंच्या पोतडीत पिढ्यानपिढ्या होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस ह्यांनी १९३१ साली वेडावर आणि रक्तदाबावर तिचा गुण लिहिला. मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी १९४९ साली रक्तदाबावरील तिच्या गुणाचा शोधनिबंध इंग्लंडमध्ये छापला आणि जगाचे लक्ष गेले. १९५२ साली स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातील रिसर्पिन वेगळे काढले, आणि दोन वर्षांनी न्यूयॉर्कचे डॉक्टर ते मनोरुग्णांस देऊ लागले. त्याच सुमारास फ्रान्समध्ये क्लोरप्रोमाझिन आले. रिसर्पिनने मन उदास होते असे आढळून ते मागे पडले. क्लोरप्रोमाझिनच्या कुळातील औषधे आजही चालतात. एवढी हकीकत सांगितली ती अशासाठी की मुळी वैदूचीच होती, परंतु किती मात्रेत, किती दिवस, कोणाला द्यायची नाही आणि दिल्याने काय बिघडते, हे मोजणारा पेशा वेगळा निघाला. तो मनोविकारतज्ज्ञ. तो आधी डॉक्टर असतो, मग मनाचा डॉक्टर. आवाज ऐकू येणे, टोकाची उदासी, उन्माद, आत्महत्येचा विचार, ह्यांत पहिले दार त्याचे.

मानसशास्त्रज्ञाचा उगम दवाखान्यात नव्हे, प्रयोगशाळेत आणि शाळेत आहे. अमेरिकेत विटमरने १८९६ साली आपले पहिले चिकित्सालय काढले ते शाळेत अडखळणाऱ्या मुलांसाठी. आपल्याकडे धारवाडला डॉ. व्ही. व्ही. कामतांनी बिने ह्या फ्रेंच पंडिताची बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कानडी मुलांसाठी बसविली. बिने-कामत चाचणी ह्या नावाने ती आजही चालते. पुणे विद्यापीठात १९५० साली प्रा. कोठुरकरांच्या हाताखाली ह्या शास्त्राचा विभाग सुरू झाला. चाचणी घेणे, विचारांच्या गाठी बोलण्यातून सोडविणे, भीती पायरीपायरीने घालविणे, हे चिकित्सक मानसशास्त्रज्ञाचे काम. तो गोळ्या लिहीत नाही. पीएच.डी. झाल्याने त्याच्याही नावामागे डॉक्टर लागते आणि शहाणीसुरती माणसे फसतात, तेथे सुरगाण्याच्या बापाचा काय दोष? चाचणीलाही मर्यादा आहे. घरी कोकणा बोली बोलणाऱ्या पोराला शहरी मराठीत प्रश्न विचारून त्याची बुद्धी मोजू लागलो, तर मोजली जाते ती आपल्या भाषेची त्याला असलेली ओळख. चांगला मानसशास्त्रज्ञ हे जाणतो. अहवाल वाचणारा जाणतोच असे नाही.

ज्याच्यापाशी वैद्यकाची पदवी नाही त्याने मनावर इलाज करावा काय, हा तंटा १९२६ साली व्हिएन्नात कचेरीपर्यंत गेला. फ्रॉइडचे शिष्य थिओडोर राइक डॉक्टर नव्हते; त्यांच्यावर भोंदू वैद्यकीचा आरोप आला. फ्रॉइड स्वतः डॉक्टर, तरी त्याने शिष्याच्या बाजूने पुस्तक लिहिले. आमचे मत विचाराल तर फ्रॉइडचा मुद्दा निम्मा खरा होता. बोलून बरे करण्यास वैद्यकाची पदवी लागत नाही. पण बोलण्याने बरे न होणारे काय, हे ओळखण्याची शिस्त लागते.

सामाजिक कार्यकर्त्याच्या पेशात मुंबईचा मान मोठा आहे. तेथे १९३६ साली टाटांच्या देणगीतून समाजकार्याचे विद्यालय निघाले, आणि १९३७ साली त्याला जोडून मुलांचे मार्गदर्शन चिकित्सालय. १९३८ साली जे. जे. रुग्णालयात डॉ. मसाणींनी मनोविकारांचा बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. मनोरुग्णाला भिंतीआड न जाता इतर रोग्यांसारखी चिठ्ठी काढून येता येऊ लागले. अशा ठिकाणी घरी जाऊन चौकशी करणारा, मालकाशी बोलून रोग्याची नोकरी टिकविणारा, बायकोला दुखणे समजावून देणारा माणूस लागतो. भगताची पंगत ज्याच्या वाट्याला आली तो हा. सर्व पेशांत त्याला मोल कमी, आणि त्याच्यावाचून बाकीच्यांचे काम वाया.

स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर, १९४६ साली, भोर समितीने पाहिले तो साऱ्या देशात मनोरुग्णांसाठी खाटा सुमारे दहा हजार होत्या. १९५४ साली बंगलोरला अखिल भारतीय मानसिक आरोग्य संस्था स्थापन झाली, आणि डॉक्टर, मानसशास्त्रज्ञ, परिचारिका ह्यांना एकाच आवारात शिकविण्यास सुरुवात झाली. १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम आला, १९९६ पासून जिल्हा कार्यक्रम. त्यातील पथकात ह्या तिघांबरोबर सामाजिक कार्यकर्त्याचीही जागा आहे. कागदावर भगताची पाच कामे पुन्हा एका गाडीत बसली. जागा भरल्या जाणे आणि गाडी घाट चढणे ह्या पुढच्या गोष्टी. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका हिशेबाप्रमाणे देशात लाख माणसांमागे पाऊण मनोविकारतज्ज्ञ होता. त्या प्रमाणात सुरगाणे तालुक्याच्या वाट्याला सव्वा यावा! पण तज्ज्ञांचा ओढा शहराकडे.

२०१७चा मानसिक आरोग्यसेवा कायदा २९ मे २०१८ पासून अमलात आहे. त्याने ह्या पेशांची व्याख्या केली: मनोविकारतज्ज्ञ, चिकित्सक मानसशास्त्रज्ञ, मानसरोग परिचारिका, मनोसामाजिक कार्यकर्ता, आयुर्वेद, होमिओपॅथी इत्यादींतील ह्या विषयाचे पदव्युत्तर वैद्यही त्यात आहेत. रोग्याला त्याच्या संमतीवाचून दाखल करावयाचे तर दोघांनी त्याला स्वतंत्रपणे तपासून एकच निष्कर्ष काढला पाहिजे, आणि त्यांतला एक मनोविकारतज्ज्ञच हवा. साखळीने बांधणे ह्या कायद्याने बंद केले. तमिळनाडूत एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी एका आश्रयस्थानाला आग लागून २५हून अधिक रोगी खांबाला बांधलेल्या स्थितीत जळाले होते. ती साखळी आणि अहमदनगरचा तो किल्ला ह्या एकाच जातीच्या वस्तू होत.

कायद्याच्या त्या व्याख्येत समुपदेशक नाही, आणि भगत तर नाहीच. समुपदेशक हा उपयोगी माणूस आहे. परीक्षेची धास्ती, नवराबायकोची कुरबूर, घरातील मृत्यू, दारू सोडण्याचा निश्चय, ह्यांत त्याच्यापाशी जावे. पण शहरात सहा महिन्यांचा वर्ग करून पाटी लावणारेही आहेत, आणि त्यांना आपली वेस कोठे संपते हे कोणी शिकविलेले नसते. भगताचे निराळे. गुजरातेत उनावा येथील मीरा दातार दर्ग्यात 'दवा आणि दुआ' ह्या नावाने मनोविकारांचा दवाखाना दर्ग्याच्या आवारातच काढला गेला; मुजावर दुआ करतात आणि रोग्याला तेथल्या तेथे डॉक्टरकडे पाठवितात. मुजावरांना हाकलले असते तर रोगीही गेले असते.

आता सुरगाण्याच्या स्थानकावर परत येऊ. त्या गृहस्थांना हा सारा इतिहास सांगण्याइतका वेळ नव्हता. आम्ही इतकेच म्हणालो की दादा, ही मंडळी खोटी कोणीच नाहीत, पण मुलाला आवाज ऐकू येतात तोवर गोळ्या लिहिणारा पुढे, बाकीचे त्याच्या मागे. चार महिने नुसते बोलण्यात गेले ते जायला नको होते. गोळ्या झोपेसाठी नाहीत. त्याला विचारल्याशिवाय बंद करू नका. अहवाल दुकानात नव्हे, त्याच डॉक्टरला दाखवा. शिक्का मारणाऱ्या बाईंना जाण्या-येण्याच्या भाड्याचे आणि मुलाच्या कामाचे विचारा. ते त्यांचेच काम आहे.

मग आम्ही दाण्यांच्या गाठीविषयी विचारले. ते म्हणाले, "भगतानं तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा दाणे गोळा करून बांधून दिले. म्हणाला, हे माझ्यातलं नाही, पोराला नाशिकला ने. आणि तिथं काय निघालं ते मला येऊन सांग."

"सांगितलंत?"

"काय सांगू? मलाच कोणी सांगितलं नाही."

नाशिकची गाडी लागली. आम्ही कागद लावून दिले. चिठ्ठी वर, अहवाल तिच्याखाली, मग केसपेपर. गाठ त्यांनी स्वतःच्या हाताने पिशवीत टाकली आणि मुलाला पुढे घालून ते गाडीत चढले.